सोसणे आणि न कळणे

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या श्यामवर्ण प्रतिमेमुळे देशभरातील जैनांना ठाऊक आहे. भूमीला न टेकता अधर राहिलेली मूर्ती अशी तिची ख्याती. तिच्याखालून वस्त्र सरकते असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मूर्ती भूमीला स्पर्श करीत नाही, पण तिच्या दर्शनाला येणारा प्रत्येक जण अनवाणी पायांनी भूमीचा स्पर्श घेतच तिच्यापर्यंत पोहोचतो. पौषात पायांखालची फरशी गारठलेली असते. वैशाखात वऱ्हाडातील पारा ४२-४३ अंशांवर गेला, की कोणत्याही जिनालयाच्या उघड्या प्रांगणातील फरशी तव्यासारखी तापते. तरुण मंडळी पावले उचलत, सावली शोधत पळतात. एखाद्या आजी मात्र त्याच फरशीवरून शांतपणे, एका लयीत प्रदक्षिणा घालीत राहतात. पाहणारे हात जोडून म्हणतात, “केवढी ही सहनशक्ती! आजींना आता ऊन लागतच नाही.”

हे उद्गार भक्तिभावाने निघतात, याविषयी शंका नाही. परंतु ‘लागत असूनही सोसणे’ आणि ‘लागतच नसणे’ या दोन अवस्थांमध्ये जे अंतर आहे, ते आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ते समजून घ्यायचे तर स्पर्श होतो म्हणजे नेमके काय होते, येथून आरंभ करावा लागेल.

आपल्या शास्त्रकारांनी इंद्रियांची गणना स्पर्शनापासून केली. लौकिक व्यवहारात पहिला मान डोळ्यांना मिळतो. ‘तत्त्वार्थसूत्रा’तील क्रम मात्र स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र असा आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमासारख्या गुरुकुलात किंवा गावच्या पाठशाळेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा क्रम झोपेतही आठवेल. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती हे एकेंद्रिय जीव. त्यांच्यापाशी केवळ स्पर्शन. कृमी आणि शंख यांना रसनेची जोड मिळाली, मुंगीला घ्राणाची, भुंग्याला चक्षूची. इतर चार इंद्रियांवाचून जगणारे जीव आहेत. स्पर्शनावाचून जगणारा एकही संसारी जीव नाही. ग्रंथांत श्रोत्राचा आकार जवाच्या नळीसारखा आणि चक्षूचा मसुरीच्या दाण्यासारखा सांगितला आहे. स्पर्शनाला मात्र ठरावीक आकार नाही. ज्या देहाला ते व्यापून असते, त्या देहाचा आकार तोच त्याचा.

स्पर्शाचे प्रकारही आठ सांगितले आहेत : शीत आणि उष्ण, स्निग्ध आणि रूक्ष, मृदू आणि कर्कश, लघू आणि गुरू. या यादीत वेदना नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कारण स्पष्ट आहे. हे आठ पुद्गलाचे गुण आहेत. फरशीत उष्णता असते, काट्यात कर्कशता असते, पण दुःख फरशीत किंवा काट्यात नसते. ते भोगणाऱ्याकडे असते.

‘आधुनिक विज्ञानाने शोधले ते आमच्या ग्रंथांत आधीच होते’ असे येथे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. प्रस्तुत लेखकाला तो मार्ग रुचत नाही. ती यादी द्रव्याचे गुण सांगण्यासाठी केलेली आहे, त्वचेची रचना सांगण्यासाठी नव्हे. तथापि त्या आठ प्रकारांचा हात धरून त्वचेकडे गेले, तर पुष्कळ गोष्टी नीट कळतात.

प्रथम शीत आणि उष्ण. त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांना उष्णता कशी कळते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाला नेमके सांगता येत नव्हते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने त्याचा उलगडा केला, तो मिरचीच्या साहाय्याने. मिरचीतील तिखट द्रव्य ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते ते त्यांनी शोधून काढले, आणि असे दिसून आले की सुमारे ४३ अंशांच्या पुढची उष्णताही त्याच प्रथिनाचे द्वार उघडते. द्वार उघडले की विद्युत्‌भारित कण पेशीत शिरतात आणि मज्जातंतूतून संदेश धावू लागतो. वैदर्भीय माणसाला याचे नवल वाटू नये. मिरच्या कांडल्यावर हातांची भगभग होते, ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजते, आणि कढत चहानेही तोंड भाजतेच. आपल्या भाषेने दोन्हींना एकच क्रियापद दिले, कारण देहाचे दारही एकच आहे. पुदिन्याच्या अर्काने जिभेला गारवा वाटतो, त्याचेही असेच. थंडीचे दार निराळे, इतकेच.

मृदू आणि कर्कश कळण्यासाठी त्वचेला दाब कळावा लागतो. अर्डेम पातापुतियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबाला प्रतिसाद देणारी एक पेशी घेतली, संशय असलेली ७२ जनुके निवडली आणि त्यांतील एकेक निष्क्रिय करून, काचेच्या सूक्ष्म नळीने पेशीला टोचून पाहिले. अखेर एक जनुक बंद करताच पेशीला टोचलेले कळेनासे झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या शोधातील प्रथिनांना, ग्रीक भाषेतील दाबवाचक शब्दावरून, ‘पिएझो’ असे नाव मिळाले. ज्युलियस आणि पातापुतियन यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. यांपैकी दुसरे पिएझो प्रथिन ज्यांच्या शरीरात जन्मतः काम करीत नाही, अशी काही माणसे जगात आहेत. डोळे मिटले की आपला हात वर आहे की खाली, हे त्यांना सांगता येत नाही. लघू आणि गुरू यांचे ज्ञान केवळ कातडीचे नसून स्नायूंचे आणि सांध्यांचेही आहे, ते यावरून ध्यानात येते.

स्निग्धाचे प्रकरण मौजेचे आहे. ओलेपणा ओळखणारे स्वतंत्र यंत्र मनुष्याच्या त्वचेत नाही. गारवा आणि दाब यांच्या मिश्रणातून मन ‘ओले’ असा निष्कर्ष काढते. म्हणूनच हिवाळ्यात दोरीवरचे लुगडे वाळले आहे की नुसतेच गार आहे, याचा निर्णय हाताने होत नाही. गृहिणी ते गालाला लावून पाहते, आणि तरीही फसते.

बारीक स्पर्श कोठे किती कळतो, याचे मोजमाप जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली केले. कंपासपेटीतील दुभाजकाची दोन टोके बोटाच्या अग्रावर २-३ मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी ती दोन असल्याचे कळते. पाठीवर तीच टोके सुमारे ४ सेंटिमीटर दूर नेईपर्यंत एकच वाटतात. घरातील मुलांसह हा प्रयोग अवश्य करून पाहावा, टोके बोथट असली म्हणजे झाले. सूक्ष्म जीवांची विराधना होऊ नये म्हणून मुनिराज जी मोरपिसांची पिच्छी वापरतात, तिचे ‘मूलाचारा’त सांगितलेले पाच गुण येथे आठवतात : धूळ न धरणे, घाम न धरणे, मृदुता, सुकुमारता आणि लघुता. पाचांपैकी तीन गुण स्पर्शाचे आहेत, आणि ते मोजायचे आहेत मुंगीच्या देहावर, आपल्या तळहातावर नव्हे.

आता वेदनेकडे वळू. उंबऱ्याची ठेच लागली की आधी एक लखलखीत कळ येते आणि ती ओसरते न ओसरते तोच ठणका सुरू होतो. या दोन वेदना दोन निरनिराळ्या तंतूंतून येतात. पहिला तंतू पातळ वेष्टन असलेला. त्यातून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातो. दुसऱ्याला वेष्टन नाही. त्याचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंतचे अंतर ध्यानात घेतले, तर ठणका मागाहून का येतो ते उघड होते. पहिली कळ पाय मागे घ्यायला लावते. दुसरी त्या पायाला काही दिवस जपायला लावते.

हा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो असेही नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडले की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते. दुखऱ्या जागेवर हात चोळला, तर स्पर्शाचे संदेश त्या फाटकातून येणाऱ्या वेदनेला अटकाव करतात. मेंदूकडूनही खाली आज्ञा येतात. स्वाध्यायात गढलेल्या माणसाला डास चावल्याचे कळत नाही, ते यामुळे. आपल्या परिभाषेत द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय असा भेद आहे, आणि भावेंद्रियात पुन्हा लब्धी आणि उपयोग. इंद्रिय शाबूत आहे, पण उपयोग अन्यत्र लागलेला आहे, अशी ती अवस्था. ग्रंथावरून लक्ष निघाले की डास पुन्हा चावू लागतो.

दिगंबर मुनी दोन ते चार महिन्यांनी स्वहस्ते केशलोच करतात. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंची टोके वेढलेली असतात. केस उपटताना ती सारी जागी होतात. मुनींची त्वचा आपल्या त्वचेहून निराळी नसते. बावीस परीषहांतील शीत, उष्ण, दंशमशक, शय्या आणि तृणस्पर्श हे सारे स्पर्शनेंद्रियाच्या वाटेने येतात, आणि परीषहजय म्हणजे ते येऊन भिडले असता परिणाम न ढळू देणे. ज्याला गवताचे पाते टोचतच नाही, त्याने तृणस्पर्शावर विजय मिळवला असे कोणताही ग्रंथ म्हणणार नाही. बधिरतेला तप समजणे हा शरीराच्या दृष्टीने धोका आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ती समज चुकीची आहे.

बधिरता काय करते, याचे सर्वांत कठोर शिक्षण विदर्भाने घेतलेले आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उघडला. अमरावतीचे तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. समाज ज्या झडलेल्या बोटांना घाबरत होता, ती बोटे रोग खाऊन टाकतो असाच समज शतकानुशतके होता. नॉर्वेच्या आर्मौअर हान्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला. तो जंतू मज्जातंतूंत घर करतो आणि त्वचेची जाणीव घालवतो. पुढचे काम जंतू करीत नाही. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांत जन्मलेले आणि वेल्लोरला शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे धीराने निरीक्षण करून दाखवून दिले. रुग्ण चुलीतील भांडे उघड्या हाताने उचलत, तळपायात खिळा घेऊन दिवसभर चालत, आणि त्यांना काहीच दुखत नसे. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर आढळले की उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला पत्ता लागत नव्हता. घरी परतणाऱ्या रुग्णाने मांजर पाळावे, असा सल्ला ब्रँड यांच्याकडे मग रूढ झाला. वेदना ही शरीराला मिळालेली देणगी आहे, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

कुष्ठरोगावर आज खात्रीचे औषध आहे आणि ते शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. तरीही रुग्ण उशिरा येतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो, तो खाजत नाही, दुखत नाही. म्हणून कोणी दाखवीत नाही. खरे तर ‘दुखत नाही’ हेच त्याचे लक्षण आहे. चट्ट्यावर कापसाचे टोक फिरवून ते कळत नसेल, तर तेवढ्यावरून डॉक्टरांकडे जावे. लाजण्याचे त्यात काही नाही.

आपल्या घरांत मात्र बधिरतेचे नेहमीचे कारण निराळे आहे, ते म्हणजे मधुमेह. कमरेच्या मणक्याजवळून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचणारा मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा धागा असतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की सर्वांत लांब धागे आधी झिजतात. म्हणून जाणीव आधी दोन्ही पायांच्या बोटांच्या टोकांतून जाते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते. काहींना प्रारंभी मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते. पुढे ती आग थांबते आणि घरातील माणसे म्हणतात, “बरे झाले, आता त्रास कमी आहे.” कित्येकदा त्रास देणारा धागाच मुका झालेला असतो. काहींना तर मुंग्याही येत नाहीत, आगही होत नाही. जाणीव निघून गेलेली कळते ती जखम झाल्यावर.

आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावे असे आणखी एक कारण आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. शुद्ध शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध आणि दही यांतून मिळते, आणि वयोमानाने आहार घटला की तेही अपुरे पडते. त्याच्या अभावानेही हातापायांना बधिरता येते. मधुमेहावर सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास हे जीवनसत्त्व आणखी घटू शकते. म्हणजे एकाच घरात एकाच आजीच्या पायांवर दोन्ही बाजूंनी आघात. रक्ताच्या साध्या तपासणीने कमतरता कळते. बी-१२ जंतूंच्या किण्वनातून तयार करतात, त्यामुळे ते घेण्यास संकोच नसावा. कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असू शकते. औषधविक्रेत्याकडे गोळीच्या रूपात मागावे.

आता पुन्हा फरशीचा विचार करू. वैशाखाच्या दुपारी गडद दगडाचा पृष्ठभाग ५५-६० अंशांपर्यंत सहज तापतो. इतक्या उष्णतेला कातडी भाजायला काही सेकंद पुरतात. निरोगी पाय त्याआधीच उचलला जातो. बधिर पाय टेकलेलाच राहतो. फोड येतो, तोही दुखत नाही. दुसऱ्या दिवशी मोजा किंवा चादर ओली दिसते, तेव्हा शोध लागतो. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो, आणि पायाचे बोट किंवा पाऊल काढून टाकण्याचा प्रसंग येतो तो बहुधा अशाच न दुखलेल्या जखमेतून. देवदर्शनाला जाऊन पाय भाजलेल्या मधुमेही रुग्णांची अनुभवकथने भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलेली आहेत.

जिनालयात अनवाणी जाण्याची मर्यादा कोणी मोडावी असे येथे सुचवायचे नाही. विश्वस्त मंडळांना मात्र पुष्कळ करता येईल. प्रदक्षिणेच्या मार्गावर उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यावा, उघड्या प्रांगणात काथ्याच्या पट्ट्या अंथराव्यात, शक्य तेथे मांडव घालावा. यांचा खर्च एका फलकाच्या संगमरवरापेक्षा अधिक नसतो. घरच्यांनी वडीलधाऱ्यांना सूर्योदयाच्या सुमारास दर्शनाला न्यावे. सुती मोजे घालू देतात तेथे घालावेत. ते क्षणभराचा अवसर देतात, त्याहून अधिक भरवसा त्यांच्यावर ठेवू नये. हिवाळ्यात पाय शेकण्याच्या पाण्याची परीक्षा आजींच्या पायाने करू नये, घरातील दुसऱ्या कोणी कोपर बुडवून करावी; गरम पाण्याची पिशवी तर वापरूच नये. रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरून. पदार्थ येऊन भिडल्यावाचून स्पर्शनाला ज्ञान होत नाही. येथे तर भिडूनही होत नाही. तेव्हा ते काम चक्षूवर सोपवणे भाग आहे.

पाय बधिर झाले आहेत की नाहीत, याची एक परीक्षा इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी रूढ केली. तिला उपकरण लागत नाही, घरातील नातवंडेही ती करू शकतात. आजींना निजवून डोळे मिटायला सांगावे. उजवा पाय कोणता आणि डावा कोणता, ते आधी एकदा हात लावून सांगावे. मग स्पर्श झाला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढेच त्यांनी म्हणायचे. आपल्या तर्जनीचे टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला अगदी हलके, एक-दोन सेकंद लावावे. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशी दोन्ही पायांची मिळून सहा बोटे, क्रम आलटून पालटून. उत्तर आले नाही तर त्या बोटाला पुन्हा हात लावायचा नाही, ते ‘कळले नाही’ असेच धरायचे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी उत्तर आले नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवावेत, आणि तोपर्यंत घरातही पायांत मऊ चप्पल असू द्यावी.